नऊ गुलाबी, सहा लाल, एक पांढरं: रंग मिसळतात, जनुकं मिसळत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही लाल गुलबक्षीचा पांढऱ्या गुलबक्षीशी संकर केला. पहिल्या पिढीत सगळी झाडं गुलाबी फुलांची निघाली. त्या गुलाबी झाडांचं बी धरून पुन्हा लावलं, तेव्हा सोळा झाडं फुलली: ९ गुलाबी, ६ लाल, १ पांढरं. पुस्तकात अपूर्ण प्रभावितेचं, म्हणजे संकरात दोन्ही पालकांच्या मधलं रूप दिसण्याचं, प्रमाण १:२:१ दिलेलं आहे, म्हणजे ४ लाल, ८ गुलाबी, ४ पांढरी यायला हवी होती. एका मित्राने सांगितलं की ९:६:१ हे तर दोन जनुकांचं प्रमाण आहे, तेव्हा ही अपूर्ण प्रभाविता नव्हेच. खरं काय? गुलाबी रंगाचं शुद्ध बी कसं मिळवायचं? आणि माणसांतही असं काही असतं का?

मी वीसेक वर्षं फुलझाडांचे संकर करते आहे आणि मधूनमधून शिकवतेही. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत दरवर्षी समोर येतो. वरवर पाहता तीन-चार प्रश्न आहेत, पण गाठ एकच आहे. आपण ‘अपूर्ण प्रभाविता’ हा जनुकाचा स्वभाव समजतो. जणू लाल जनुक जरा अशक्त आहे, त्याला पांढऱ्यावर पूर्ण मात करता आली नाही. प्रत्यक्षात प्रभाविता कुठल्याही जनुकाच्या अंगात नसते. एका जनुकाची दोन वेगळी रूपं, म्हणजे दोन वेगळे अलील, एकाच झाडात आले की त्या झाडाचं एखादं लक्षण कसं दिसतं, एवढंच तो शब्द सांगतो. लक्षण बदललं किंवा पाहायची तऱ्हा बदलली, की त्याच जोडीला दुसरं नाव द्यावं लागतं. हे पुढे उदाहरणांनी दाखवते. आधी तुमचे आकडे.

मित्राच्या ९:६:१ ने सुरुवात करू, कारण ते मोहात पाडणारं आहे आणि मोडतंही पटकन. हे प्रमाण काल्पनिक नाही. भोपळ्याच्या एका प्रकारात फळांचा आकार तसाच येतो: ९ चपटी, ६ गोल, १ लांबट. नवाच्या गटात दोन्ही जनुकांचा निदान एकेक प्रभावी, म्हणजे जोडीदाराला झाकणारा, अलील असतो, सहाच्या गटात दोहोंपैकी एकाच जनुकाचा असतो, आणि शेवटच्या एकात कशाचाच नसतो. आता तुमची पहिली पिढी आठवा. या हिशेबात ती नवाच्या गटासारखी दिसायला हवी, आणि ती गुलाबी होतीच. इथवर जुळतं. पण पांढऱ्या पालकाकडे एकही प्रभावी अलील नसेल, तर पहिल्या पिढीत आलेले दोन्ही प्रभावी अलील दुसऱ्या पालकानेच दिलेले असणार. मग तो पालकसुद्धा नवाच्या गटातला, म्हणजे गुलाबीच हवा. तुमचा तर लाल होता. दुसऱ्या पिढीचा एकही आकडा न वापरता हा तर्क इथेच कोसळतो. दोन्ही पालक वर्षानुवर्षं एकाच रंगाची संतती देणारे होते, एवढं मात्र मी गृहीत धरते आहे.

मग चार पांढऱ्यांऐवजी एकच का? पहिलं कारण म्हणजे सोळा झाडं फार थोडी. १:२:१ हे प्रमाण शंभर टक्के खरं धरलं, तरी सोळा झाडांत बरोब्बर ४:८:४ येण्याची शक्यता १,६७,७७,२१६ पैकी ९,००,९०० म्हणजे साधारण ५.४ टक्के आहे. शंभर जणांनी सोळा-सोळा झाडं लावली तर पुस्तकातलं चित्र पाच-सहा जणांनाच दिसेल. आणि सोळांत एक किंवा शून्य पांढरं निघण्याची शक्यता? सुमारे ६ टक्के. म्हणजे पुस्तकी उत्तर मिळणं आणि तुमच्यासारखं मिळणं, दोन्ही जवळपास सारखंच विरळ! ही तुलना थोडी खोडकर आहे हे मान्य, म्हणून रीतसर काय-वर्ग कसोटीही लावून पाहू; मिळालेले आकडे अपेक्षेपासून किती दूर आहेत हे ती मोजते. लालसाठी अपेक्षा ४, मिळाले ६: फरकाचा वर्ग भागिले अपेक्षा, म्हणजे १. गुलाबीसाठी ०.१२५. पांढऱ्यासाठी २.२५. बेरीज ३.३७५. तीन गट असताना पाच टक्क्यांची मर्यादा ५.९९ असते, म्हणजे नुसत्या योगायोगाने बेरीज तिच्यापुढे जायची शक्यता पाच टक्केच. आपण तिच्या बरेच आत आहोत, तेव्हा १:२:१ नाकारायला या आकड्यांत आधार नाही. हेच प्रमाण १६० झाडांत आलं असतं, ६० लाल, ९० गुलाबी, १० पांढरी, तर बेरीज ३३.७५ झाली असती आणि मी हे उत्तर निराळं लिहिलं असतं.

दुसरं कारण मला जास्त संभवनीय वाटतं, आणि ते तुमच्या प्रश्नात लिहिलेलंच नाही. गुलाबी झाडांच्या कळ्यांना पिशव्या बांधल्या होत्या का? गुलबक्षीचं फूल दुपार कलली की उमलतं, संध्याकाळी सुगंध सुटतो आणि पतंग येतात. कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारं टोक, पुंकेसरांच्या पुढे आलेली असते, त्यामुळे बाहेरचे पराग तिला आधी भेटू शकतात. कोणी आलंच नाही, तर फूल मिटताना कुक्षीवृंत आणि पुंकेसर एकत्र वळतात, गुंडाळतात आणि फूल स्वतःचेच पराग स्वतःला लावून घेतं. हे पाहायचं असेल तर मिटत आलेलं फूल हळूच उकलून भिंगाखाली धरा. केसरांची गुंडाळी झालेली दिसते, तिच्यात कुक्षी अडकलेली असते आणि तिच्यावर पिवळसर परागकण चिकटलेले असतात. म्हणजे पिशवी बांधली तर स्वपरागण नक्की, नाही बांधली तर देवाला ठाऊक.

आता समजा तुमचं मूळ लाल झाड जवळच होतं आणि निम्म्या बियांना त्याचे पराग मिळाले. गुलाबीवर लाल पराग पडले तर निम्मी संतती लाल, निम्मी गुलाबी, पांढरी एकही नाही. उरलेल्या निम्म्या बियांत नेहमीचं १:२:१. दोन्हीची सरासरी काढली की सोळांत ६ लाल, ८ गुलाबी, २ पांढरी. तुमच्या ६, ९, १ च्या किती जवळ आहे पाहा. हेच घडलं असं मी म्हणत नाही. पण जनुकांवर संशय घेण्याआधी मी पतंगांवर घेते.

तिसरी गोष्ट रंग ओळखण्याची. यात माझीच फजिती झालेली आहे. सुरुवातीच्या काळात स्नॅपड्रॅगन या फुलझाडाच्या दुसऱ्या पिढीची मोजणी मी तीन-चार दिवसांत, वेळ मिळेल तशी उरकली होती. गुलाबी झाडं इतकी जास्त भरली की मी दोन दिवस नवनवीन सिद्धांत रचत बसले. मग जरा जवळून पाहिलं तेव्हा कळलं, त्यांतली बरीच ‘गुलाबी’ म्हणजे जुनी होऊन फिकटलेली लाल फुलं होती. प्रकाश, तापमान, फुलाचं वय, सगळ्यांनी छटा हलते. तेव्हापासून मोजणी एकाच वेळी, ताज्या फुलांची, आणि शक्यतो संकर कोणता हे माहीत नसलेल्या माणसाकडून करून घेते. दोन्ही पालकांचं आणि पहिल्या पिढीचं एकेक ताजं फूल तुलनेसाठी त्याच्या हातात देते. गुलबक्षीत तर उमलल्यानंतरचे पहिले दोन तासच धरावेत.

आकड्यांचं झालं. आता ‘रंग मिसळले’ या कल्पनेकडे वळू. लाल आणि पांढरं मिळून गुलाबी, हे इतकं सरळ वाटतं की एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच अभ्यासकांना आनुवंशिकता म्हणजे दोन द्रवांचं मिश्रणच वाटत असे. पण मिसळलेले रंग पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. तुमच्या दुसऱ्या पिढीत मात्र लाल झाड परत आलं, आणि तेही आजोबांइतकंच गडद लाल. पांढरंही स्वच्छ पांढरं आलं. गुलाबी झाडात लाल अलील आणि पांढरा अलील एक पिढी शेजारी राहिले, पण एकमेकांना डाग लागला नाही. पराग आणि बीजांड तयार होताना दोघे आपापल्या वाटेने निघून गेले. मेंडेलने वाटाण्यावरचे प्रयोग १८६५ मध्ये मांडले आणि १८६६ मध्ये छापले. १९०० मध्ये त्याचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी कार्ल कोरेन्स याने गुलबक्षीवरही काम केलं, आणि तुमचा लाल-पांढऱ्याचा संकर त्यामुळेच पुस्तकांत आला. माझ्या मते अपूर्ण प्रभाविता हा मेंडेलला अपवाद नाहीच. उलट त्याचं सगळ्यात उघडं प्रात्यक्षिक इथेच दिसतं, कारण इथे अलीलच्या तिन्ही जोड्या (दोन्ही लाल, एक लाल एक पांढरा, दोन्ही पांढरे) नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. वाटाण्यात गोल बी शुद्ध की संकर, हे ठरवायला पुढची पिढी लावून पाहावी लागते.

मग कधी अर्ध्यावर थांबतं आणि कधी पूर्ण झाकतं, असं का? फुलातलं रंगद्रव्य एका झटक्यात तयार होत नाही. एका पदार्थापासून दुसरा, त्यापासून तिसरा, अशी साखळी असते आणि प्रत्येक पायरीवर एकेक विकर (एन्झाइम) काम करतं. हातोहात विटा पुढे देणारी माणसांची रांग डोळ्यांसमोर आणा. मधल्या एका जागी दोघांऐवजी एकच माणूस उभा राहिला, तर विटा पोचायचा वेग निम्मा होतोच असं नाही. ते दोघे मुळात अर्धा वेळ रिकामे असतील, तर एकटाही सगळं निभावून नेतो. पण तीच जागा रांगेतली अडचणीची जागा असेल तर कमतरता लगेच जाणवते. संकर झाडात कामाचा अलील एकच असतो, म्हणून विकर साधारण निम्मं. ते पुरलं तर लक्षण पूर्ण दिसतं आणि आपण ‘प्रभावी’ म्हणतो. नाही पुरलं तर ‘अपूर्ण प्रभावी’. कॅक्सर आणि बर्न्स यांनी १९८१ मध्ये हा विचार गणिताने मांडला. बहुतेक बिघडलेले अलील अप्रभावी का असतात, हे त्यातून चांगलं उलगडतं. त्यांना कोणी दडपून ठेवलेलं नसतं, चांगल्या अलीलचं काम एकट्याने भागत असतं. (जाता जाता: गुलबक्षीचा रंग अँथोसायनिनचा, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं दिसेल. ते चूक आहे. गुलबक्षीत बीटरूटच्या जातीची रंगद्रव्यं, बेटालेनं असतात. अँथोसायनिन स्नॅपड्रॅगनमध्ये.)

पाहायची तऱ्हा बदलली की नाव बदलतं, असं वर म्हटलं. त्याचं माझं आवडतं उदाहरण खुद्द मेंडेलच्या वाटाण्याचं. गोल बी प्रभावी, सुरकुतलेलं अप्रभावी. या जनुकाचं काम १९९० मध्ये उलगडलं. ते स्टार्चला फांद्या फोडणारं एक विकर बनवतं. सुरकुत्यांच्या अलीलमध्ये सुमारे ८०० अक्षरांचा डीएनएचा तुकडा मधेच घुसलेला आहे, त्यामुळे ते विकर बिघडतं. स्टार्च कमी बनतं, साखर साठते, साखरेमुळे कोवळं बी जास्त पाणी धरतं आणि वाळताना आक्रसून सुरकुततं. संकर बी डोळ्यांना छान गोल दिसतं. पण त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. शुद्ध गोल वाटाण्यात स्टार्चचे कण लांबट, एकसंध असतात. सुरकुतलेल्यात ते तडकल्यासारखे, अनेक तुकड्यांचे असतात. संकरात ते या दोन्हींच्या मधले. म्हणजे एकच बी, एकच जोडी अलीलची: आकार पाहिला तर पूर्ण प्रभाविता, स्टार्चचा कण पाहिला तर अपूर्ण. वर्गात हे दाखवलं की ‘मग खरं उत्तर कोणतं?’ असा प्रश्न हमखास येतो. दोन्ही खरी. प्रश्नच दोन होते.

सहप्रभावितेशी होणारी गल्लतही याच वाटेने सुटते. शॉर्टहॉर्न जातीत लाल आणि पांढऱ्या गुरांचं वासरू लांबून फिकट तांबूस दिसतं, गुलबक्षीसारखंच अधलंमधलं वाटतं. जवळ जाऊन कातडीवर हात फिरवा: काही केस पूर्ण लाल, काही पूर्ण पांढरे, मधल्या रंगाचा एकही नाही. दोन्ही अलील आपापलं पूर्ण काम वेगवेगळं दाखवतात, म्हणून सहप्रभाविता. गुलाबी गुलबक्षीची पाकळी मात्र भिंगाखालीही गुलाबीच राहते.

माणसांत? हो, आणि तिथे नावांचा हा खेळ जास्त गंभीर होतो. सिकलसेल या रक्ताच्या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ज्याच्याकडे असा एकच अलील आहे त्याच्या रक्ताची विद्युतकण-संचलन चाचणी (विजेच्या ओढीने प्रथिनं वेगळी करणारी) केली, तर दोन्ही हिमोग्लोबिनं वेगळी दिसतात: सहप्रभाविता. ऑक्सिजन फारच कमी झाला तर त्याच्या काही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात, पण रुग्णापेक्षा कितीतरी कमी: हे मधलं रूप. आणि रोज अंगावर येणारा आजार पाहिला तर तो वाहक सहसा निरोगी असतो: अप्रभावी. एका अलीलची तीन नावं. शुद्ध अपूर्ण प्रभावितेच्या जास्त जवळचं उदाहरण म्हणजे आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पेशीत ओढून घेणारा ग्राहक बनवणाऱ्या जनुकाचा एक अलील बिघडला की ग्राहक साधारण निम्मे होतात, कोलेस्टेरॉल खूप चढतं आणि हृदयविकार ऐन तारुण्यात किंवा मध्यमवयात गाठू शकतो. दोन्ही बिघडले तर एलडीएल अनेकदा डेसिलिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर जातं आणि लहानपणीच हृदयविकाराचा धोका उभा राहतो. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना कोलेस्टेरॉलच्या नियमनावरच्या ज्या कामासाठी १९८५ चं नोबेल मिळालं, त्यात या ग्राहकाचा शोध मध्यवर्ती होता. घरातल्या कोणाच्या तपासणीचा अहवाल हातात असेल, तर मात्र माझ्या फुलांवरून त्याचा अर्थ लावू नका. जनुकीय समुपदेशकाकडे जा.

उंची किंवा त्वचेचा रंग आईवडिलांच्या मधला आला की तेही अपूर्ण प्रभावितेच्या खात्यात टाकलं जातं. ते वेगळं प्रकरण. तिथे अनेक जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात, आणि पुढच्या पिढीत तीन स्वच्छ गट पडण्याऐवजी छटांची सलग उतरंड मिळते.

आता गुलाबी बियांचं. वाईट बातमी अशी की ते मिळणार नाही. गुलाबीपणा कुठल्याही एका अलीलमध्ये लिहिलेला नाही. तो दोन वेगळे अलील एकत्र असण्यात आहे, आणि स्वपरागणात ती जोडी फुटतेच. दरवर्षी फक्त गुलाबी झाडांचंच बी धरलंत तरी दरवेळी निम्मीच गुलाबी येतील. निवड न करता नुसतं स्वपरागण चालू ठेवलंत तर गुलाबीचा वाटा ५०, २५, १२.५ असा निम्मा निम्मा होत जाईल. घोड्यांत पॅलोमिनोचा सोनेरी रंग याच कारणाने शुद्ध पैदाशीत टिकत नाही. उपाय दोन. लाल आणि पांढरी झाडं वेगळी, शुद्ध ठेवायची आणि दर हंगामाला त्यांचा हाताने संकर करायचा. सगळी संतती गुलाबी. पण गुलबक्षीच्या एका फुलाला एकच बी धरतं, मिऱ्याएवढं काळं, सुरकुतलेलं. शंभर बिया हव्या असतील तर निदान शंभर फुलं हाताळावी लागतात. म्हणून मी दुसरा उपाय करते: आवडलेल्या गुलाबी झाडाची जमिनीतली गड्ड्यासारखी मुळं जपून ठेवते आणि तीच पुन्हा लावते. त्यात परागणच नाही, तेव्हा जोडी फुटायचा प्रश्न नाही. कधी एखादं गुलाबी झाड पिढ्यानपिढ्या गुलाबीच बी देताना आढळलं, तर तो तिसराच, कमी रंग बनवणारा अलील असण्याची शक्यता धरा. तुमची सध्याची झाडं त्यातली नाहीत, नाहीतर त्यांच्यातून लाल-पांढरं बाहेरच पडलं नसतं.

मित्राशी वाद मिटवायचा असेल तर आणखी शेकडो बिया लावण्यापेक्षा उलट संकर करा, म्हणजे गुलाबी झाडाचा पुन्हा पांढऱ्याशी. एखाद्या गुलाबी झाडाची उद्या उमलणार अशी भरलेली कळी दुपारीच, उमलायच्या आधी, टोकाला हलकेच चिरा. चिमट्याने आतले पुंकेसर काढा, सहसा पाच असतात, आणि पराग सांडलेले दिसले तर ती कळी सरळ टाकून द्या. पिशवी बांधा. पांढऱ्या झाडाच्या एखाद्या कळीलाही पिशवी बांधून ठेवा, नाहीतर तिथेही पतंग आधी पोचेल. संध्याकाळी त्या पांढऱ्या फुलाचा परागकोश कुक्षीवर टेकवा आणि पिशवी परत घाला. असं चाळीसेक फुलांवर करा, कारण काही कोमेजतील. जनुक एकच असेल तर संततीत निम्मी पांढरी, निम्मी गुलाबी येतील आणि लाल एकही दिसायला नको. दोन जनुकं असतील तर पांढरी चतुर्थांशच भरतील. तीस झाडं फुलली तर हा पंधरा आणि साडेसातातला फरक बहुधा नुसत्या नजरेनेच कळेल. त्यात एक जरी लाल झाड निघालं, तर आधी पिशवीला कुठे भोक पडलं होतं का ते तपासा, आणि नसेल तर मला आकड्यांसकट कळवा.